सात वाजताची हाक

त्या शनिवारी गार्गीला चार फायलींची एक फाइल करायची होती, इतकंच. इतक्या कामावरून बापलेकीत युद्ध व्हायचं काही कारण नव्हतं.

सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती लॅपटॉप उघडून बसली होती. दुसऱ्या टोकाला तिचे बाबा, चंद्रशेखर, नव्या राइस कुकरची माहितीपुस्तिका वाचत होते. कुकर घरात येऊन तीन दिवस झाले होते, पण तो अजून खोक्यातच होता. कारण पुस्तिका अठ्ठावीस पानांची होती आणि बाबा एकोणिसाव्या पानावर होते. तोवर भात जुन्या पातेल्यात होत होता. आई, म्हणजे सुलेखा, याबद्दल काही बोलत नव्हती. या घरात मायक्रोवेव्हनं दोन दिवस आणि वॉशिंग मशीननं एक आठवडा खोक्यात काढलेला तिनं पाहिला होता. त्यामानानं कुकर लवकर सुटणार होता.

"बाबा, तुमच्या त्या फायली जोडायच्या कमांडमध्ये पानं उलट्या क्रमानं लावायला कोणता ऑप्शन द्यायचा?"

"हेल्प विचारलंस?"

"तुम्ही समोर बसला आहात."

"मी समोर बसलोय हा योगायोग आहे," बाबा पान न उलटता म्हणाले. "हेल्प कमांडच्या पोटातच असते. लिहिणाऱ्यानं सगळे ऑप्शन तिथंच सांगून ठेवलेले असतात. कमांडचं नाव लिहायचं, पुढं दोन डॅश, आणि हेल्प. लगेच यादी येते. कुणाच्या पाया पडावं लागत नाही."

"दोन शब्दांत सांगून टाका ना."

"दोनच शब्दांत सांगतो. आधी वाच."

यावर खरं उत्तर ‘मला येत नाही’ हे होतं. पण हे तीन शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. गार्गीनं ते शेवटचे उच्चारले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि विषय भागाकाराचा होता. बाबांनी शांतपणे पुस्तकाचं बेचाळिसावं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं आणि ते दाढी करायला निघून गेले. त्या दिवसापासून ती वाचत सुटली. आधी भागाकार वाचला, मग हाताला लागेल ते सगळं वाचलं, आणि शेवटी शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात संपादक झाली. लोक म्हणत, वडिलांनी मुलीला वाचनाची गोडी लावली. गोडी कसली? दुसरा इलाज ठेवला नव्हता.

"वेळ नाही मला," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटून उठली. आईनं भरल्या वांग्यांचा डबा हातात दिला. बाबांनी विसावं पान उघडलं.

मेट्रोत बसायला जागा मिळाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि कुणी बघत नाही ना असं बघून कमांडपुढं दोन डॅश देऊन हेल्प लिहिलं. पाच ओळी आल्या. उत्तर तिसऱ्या ओळीत होतं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. बाबांना हे कळवायचं नाही, तेवढाही आनंद त्यांना मिळू द्यायचा नाही, असं तिनं यिशुन स्टेशन यायच्या आत ठरवलं.

रविवारी सकाळी बाबा खालच्या कॉफीच्या दुकानात रांगेत उभे असताना गेले. बगलेत वर्तमानपत्र होतं आणि पुढं फक्त दोन माणसं होती.

गार्गी रडली नाही. तिला राग आला. ज्या माणसाला कुकरसुद्धा पुस्तिका वाचल्याशिवाय लावता येत नाही, त्यानं एवढी मोठी गोष्ट अशी काही न सांगता करावी? नातेवाइकांचे फोन, कचेऱ्यांचे कागद, पासिर रिसच्या आपल्या घरून सेम्बावांगच्या रोजच्या खेपा हे सगळं तिनं त्या रागावरच पार पाडलं. राग हे चांगलं इंधन आहे. धूर फार होतो, पण गाडी चालते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मराठी मंडळाची पंधरावीस माणसं भेटायला आली होती. गार्गीचा नवरा कुशल पाणी देत होता. सगळे जमिनीकडे बघत होते, आणि काय बोलावं ते सुचत नसल्यामुळं प्रत्येक जण बाबा किती व्यवस्थित होते हेच पुन्हा पुन्हा सांगत होता. एवढ्यात फ्रिजशेजारच्या फळीवरून बाबांचा खणखणीत आवाज आला:

"सुलेखा! सात वाजले. गोळी घे. पाण्याबरोबर. चहाबरोबर नाही."

एका बाईंच्या हातातला पेला खाली पडला. प्रबोध देवधर ताडकन उभा राहिला. तो वीस वर्षांपूर्वी आंग मो किओच्या कारखान्याच्या संगणक विभागात बाबांच्या हाताखाली लागला होता आणि आता एका बँकेत तंत्रज्ञान विभागाचा मोठा अधिकारी होता. पण साहेबांचा आवाज आला की उठायचं, हे त्याच्या पायांना अजून आठवत होतं.

आई मात्र शांतपणे उठली, "घेते हो," म्हणाली, आणि गोळी घेऊन परत जागेवर येऊन बसली.

झालं होतं असं, की चार वर्षांपूर्वी आई रक्तदाबाची गोळी दोनदा विसरली होती. घंटी वाजणारी गोळ्यांची डबी खालच्या औषधांच्या दुकानात मिळत होती. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते, त्यामुळं त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी जुन्या लॅपटॉपवर सात महिने खपून स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिला, त्याला ‘आठवण’ नाव दिलं, आणि त्यात स्वतःच्या आवाजात ती चार वाक्यं भरली. तेव्हापासून रोज सातला घर हाक मारत होतं. हाक मारणारा शेजारीच खुर्चीत बसलेला असला, तरीही.

लोकांनी हे फारच हृद्य आहे असं म्हटलं. गार्गीलाही तेव्हा तसंच वाटलं. तिला वाटलं, वाजू दे.

ऑगस्टच्या सुरुवातीला आईचे पाय सुजले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी बंद केली आणि अंगातलं पाणी काढणारी एक नवी गोळी दिली. ती सकाळी आठला घ्यायची. संध्याकाळी घेतलीत तर रात्रभर बाथरूमला उठावं लागेल, पडाल, असं त्यांनी दोनदा बजावलं. आईनं दोनदा मान हलवली. आणि घरी येऊन ती गोळी संध्याकाळी सातला घेतली.

"आई, डॉक्टरांनी सकाळी सांगितलीय."

"डॉक्टर दर खेपेला नवा असतो. हे सात म्हणतात."

"बाबा गेलेत, आई."

"गेलेत. पण म्हणतात ना?"

आई रात्री तीनतीनदा उठू लागली. आठवड्याभरानं ती बाथरूममध्ये घसरली. नशिबानं बेसिन हाताशी होतं. कोपर तेवढं काळंनिळं झालं. पुढच्या खेपेला कोपरावर भागणार नाही, हे गार्गीला स्वच्छ दिसत होतं. हाक सातवरून सकाळी आठवर न्यायलाच हवी होती.

सोपा उपाय तिनं पहिल्यांदा केला. तिनं लॅपटॉप बंद केला. त्या दिवशी आईनं गोळी घेतलीच नाही, सकाळी नाही आणि संध्याकाळी नाही. "हाक आली नाही," ती म्हणाली. साडेसातला दार वाजलं. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडम ओंग उभ्या होत्या, हातात औषधाचं पाकीट घेऊन.

"टुडे अंकल नेव्हर शाउट?" त्या रागावून म्हणाल्या. "आय फर्गेट माय मेडिसिन!"

तेव्हा गार्गीला उलगडलं. मॅडम ओंग गेली चार वर्षं आपली मधुमेहाची गोळी बाबांच्या हाकेवर घेत होत्या. मराठीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. ‘सुलेखा’ म्हणजे सात वाजले, एवढं पुरत होतं.

"आंटी, माय फादर पास्ड अवे. यू केम फॉर द फ्युनरल."

"आय नो ही पास अवे," मॅडम ओंग आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "बट ही नेव्हर लेट, लाह."

आता दोन म्हाताऱ्यांची औषधं त्या फळीवर टांगलेली होती. लॅपटॉप पुन्हा चालू झाला.

मग गार्गीनं ती चूक केली जी आपली माणसं हमखास करतात. तिनं मंडळाच्या ग्रुपवर मदत मागितली. सिंगापूरच्या मराठी मंडळात तुम्ही डोळे मिटून खडा टाकलात तर तो संगणकाच्या माणसालाच लागतो. एका तासात एकेचाळीस निरोप आले. बावीस जणांनी ‘अगदी सोपं आहे’ असं लिहिलं. त्यातले नऊ जण ‘मी आलो असतो, पण’ असं म्हणाले. एकानं सांगितलं की हे सगळं आता फोनवर होतं, मशीन टाकून दे. शनिवारी प्रबोध स्वतः आला, आणि बरोबर अश्विन नावाच्या आपल्या सहकाऱ्याला घेऊन आला.

लॅपटॉपला पासवर्ड नव्हता. ‘चोराला हे चालवता आलं तर त्यानं खुशाल न्यावं,’ असं बाबा म्हणत. काळा पडदा उघडला, पांढरी रेघ लुकलुकायला लागली, आणि दोघं अधिकारी हाताची घडी घालून तिच्याकडे बघत उभे राहिले.

"बसा ना," गार्गी म्हणाली.

"अश्विन बसेल."

"सर, मी आता करत नाही, करवून घेतो," अश्विन म्हणाला. "माझी टीम पुण्यात आहे."

"अरे, मी तरी बारा वर्षांत कुठं टाइप केलंय?" प्रबोध म्हणाला. "गार्गी, तूच बस. आम्ही सांगतो."

म्हणजे पुन्हा तीच. ती फळीपुढं खुर्ची ओढून बसली.

"‘आठवण’ लिही. इंग्रजी अक्षरांत. आता एक डॅश आणि एच. जगात कुठंही जा, डॅश एच म्हणजे हेल्प."

तिनं लिहिलं आणि एंटर दाबलं.

"सुलेखा!" फळीवरून बाबा ओरडले.

"आले हो!" आतून आई ओरडली, आणि साबणाचे हात तसेच घेऊन, पदर खोचलेला, ती धावत बाहेर आली. फळीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. चार वाजले होते. तिघांकडे एकदा बघून ती आत गेली.

बाबांच्या प्रोग्रॅममध्ये एच म्हणजे हाक होती, आणि ती लगेच मारली जात होती.

"हे असं करायचं नसतं," अश्विन कुजबुजला. "हे नियमाला धरून नाही. एच कुणी दुसऱ्याला देतं का?"

"आमच्या सरांना सांग," प्रबोध फळीकडे बोट दाखवून म्हणाला.

मग दोन डॅश देऊन पूर्ण हेल्प लिहून झालं. ‘हा ऑप्शन माहीत नाही,’ असं मशीननं मराठीत उत्तर दिलं. यंत्रात असलेली मोठी पुस्तिका मागून झाली; ‘आठवण’बद्दल तिच्यात एक पान नव्हतं. गार्गीच्या मनात हळूहळू काहीतरी उकळायला लागलं. सगळ्या जगाला हेल्प वाचायला लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये हेल्प नव्हती!

"आर देऊन बघू," अश्विन उत्साहानं म्हणाला. "आर म्हणजे रिमूव्ह. जुनी वेळ काढू, मग नवी घालू."

"नक्की?"

"नव्वद टक्के."

उरलेले दहा टक्के निघाले. आर म्हणजे रट लावणं, पुन्हा पुन्हा. बाबा दर पाच मिनिटांनी आईला गोळी घ्यायला सांगू लागले. पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. दुसऱ्या हाकेला प्रबोधला घरून फोन आला आणि त्याला निघावं लागलं. तिसऱ्या हाकेला अश्विनला आठवलं की तोही प्रबोधच्याच गाडीतून आला आहे. चौथ्या हाकेला मॅडम ओंग पाकीट घेऊन दारात हजर झाल्या.

"टुडे हाऊ मेनी टाइम?" त्यांनी विचारलं. "आय टेक टू ऑलरेडी!"

गार्गीनं त्यांच्या हातातून पाकीट काढून घेतलं, त्यांना खुर्चीवर बसवलं, बिस्किटं खायला लावली आणि त्यांच्या मुलाला फोन केला. आईला तिनं आतल्या खोलीत बसवून दार लावलं. मग ती लॅपटॉपशी एकटी झगडत राहिली. शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर बाबा पूर्ववत सातवर आले. पण तोवर ते सव्वीस वेळा ओरडले होते, आणि कुणीतरी तक्रार केली होती.

सोमवारी तिला वसाहतीच्या ऑफिसात बोलावणं आलं. बाहेर सगळ्या गॅलऱ्यांवर राष्ट्रदिनाचे झेंडे अजून लटकत होते. काउंटरवरच्या बाई सौम्य होत्या. त्यांच्याकडे एक फॉर्म होता. आवाजाचं कारण: दुरुस्तीकाम, पाळीव प्राणी, वाद्य, किंवा व्यक्ती.

"व्यक्ती," गार्गी म्हणाली. खोटं कशाला बोला?

"ओरडणारी व्यक्ती कोण?"

"माझे वडील."

"मग सहीला त्यांना यावं लागेल."

"ते वारले."

"सो सॉरी, मॅडम. कधी?"

"एकोणीस जुलैला."

बाईंनी तक्रारीवरची तारीख पाहिली. बावीस ऑगस्ट. त्यांनी पुन्हा पाहिली. मग खुर्ची टाचेनं जरा मागं सरकवली.

"मॅडम," त्या अगदी हळू म्हणाल्या, "नाऊ सेव्हन्थ मंथ."

चिनी सातवा महिना चालू होता. गेलेली माणसं महिनाभर परत येतात म्हणून खाली गवताच्या कडेला लोक रोज कागद जाळत होते, संत्री ठेवत होते. गार्गीनं घसा साफ केला आणि कॉम्प्युटर, प्रोग्रॅम, रक्तदाब, पायांची सूज, सगळं क्रमानं सांगितलं. जसजसं ती सांगत गेली तसतसं ते तिलाच खोटं वाटायला लागलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ‘व्यक्ती’वर काट मारली, ‘वाद्य’वर खूण केली आणि बंद करता येतं का ते विचारलं, "यू कॅन ऑफ ऑर नॉट?"

"मला—" गार्गी म्हणाली, आणि थांबली. "बघते मी," ती म्हणाली.

परत येताना बसमध्ये तिच्या रागाला तोंड फुटलं. तिनं मनातल्या मनात बाबांना जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही, पण मथितार्थ असा: तुम्ही कधी सरळ उत्तर दिलं नाहीत. भागाकाराला नाही, कमांडला नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ‘तुम्हाला कुशल कसा वाटतो’ म्हणून विचारलं, तर ‘तू त्याला नीट वाचलंयस का’ म्हणालात. चाळीस वर्षं मी मुकाट्यानं वाचत आले. आणि आता जिथं खरोखर गरज आहे, जिथं आईचं हाड मोडायची वेळ आलीय, तिथं तुम्ही कोरा कागद ठेवून गेलात!

रविवारी दुपारी ती एकटीच आली. आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. फळीवरचा लॅपटॉप टेबलावर घेऊन गार्गी बसली, आणि या वेळी तिनं काही लिहिलं नाही. आधी तिनं पडद्यावरचं वाचलं. ‘हा ऑप्शन माहीत नाही.’ संपादकाच्या डोळ्यांनी वाचलं. हे वाक्य मराठीत होतं. बाबा कचेरीत तीस वर्षं इंग्रजीत जगले, पण उंबरठ्याच्या आत इंग्रजी बोललेलं त्यांना खपत नसे. गार्गीची मुलगी आर्या सिंगापुरी इंग्रजीत ‘आजोबा, कॅन लाह’ म्हणाली की ते ऐकूच येत नसल्यासारखं करत. या घरात मशीनला इंग्रजीत विचारलं तर ते तरी का उत्तर देईल?

तिनं दोन डॅश दिले आणि ‘मदत’ लिहिलं.

दोन ओळी आल्या.

*मदत: लिहायची आहे.*
*तोपर्यंत मला विचारा.*

गार्गीनं त्या एकदा वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. मग तिनं टेबलावर असा जोरात हात आपटला की त्यावरचं चमच्यांचं भांडं हललं.

"कुणाला विचारू?" ती ओरडली. "कुणाला विचारू आता? सगळा जन्म ‘मला विचारू नका, वाचा,’ आणि जिथं वाचायचं तिथं ‘मला विचारा’! काय अर्थ आहे याला? काय अर्थ आहे?"

तिचा आवाज एवढा चढलेला त्या घरानं कधी ऐकला नव्हता. समोरचं एक दार उघडलं आणि लगेच मिटलं.

आई कोथिंबीर घेऊन बाहेर आली. पडद्याकडे वाकून, चष्मा सारखा करून तिनं त्या दोन ओळी वाचल्या.

"हं," ती म्हणाली. "राहिलंच ते त्यांचं. लिहितो लिहितो म्हणायचे. म्हणायचे, आधी तू चालवून बघ, तुला काय अडतं ते कळलं की मग लिहीन."

"तू चालवून बघ?" गार्गी म्हणाली. "आई, तुला हे चालवता येतं?"

"न यायला काय झालं? माझ्यासाठीच लिहिलं ना?"

ती आत गेली आणि पाककृतींची वही घेऊन आली. तिखटाच्या डागांची, कणकेच्या बोटांची. डाळ-ढोकळीच्या पुढच्या पानावर आईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: ‘आठवण. वेळ बदलणे. नाव लिहून डॅश व्ही. मग वेळ. मशीन ‘बोला’ म्हणेल. बोलायचं. दहा सेकंद. जुनं जातं.’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा होत्या.

"सांगितलं त्यांनी मला," आई म्हणाली. "शेजारी बसून. तीन संध्याकाळी. मी लिहून घेतलं."

बाबा शेजारी बसून सांगत होते. तीन संध्याकाळी. गार्गीला क्षणभर आईचा हेवा वाटला, आणि त्या हेव्याचाही राग आला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? मी मंडळाला विचारलं, त्या ऑफिसात गेले, भूत म्हणून नोंद व्हायची राहिली त्यांची!"

"मला कुणी विचारलं?" आई म्हणाली. मग कोथिंबिरीची एक काडी तोडत ती हळूच म्हणाली, "आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. जुनं जातं ना."

गार्गीनं वहीतल्या त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं.

"जाऊ द्यायचं नाही," ती म्हणाली. "आधी त्याची प्रत काढून ठेवू. मग बदलू."

"येते तुला?"

"वाचते," गार्गी म्हणाली.

प्रत काढायची कमांड तिला ऐकून माहीत होती, आणि त्या कमांडला मात्र हेल्प होती, इंग्रजीत, दोन पडदे भरून. तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. एक ऑप्शन न विचारता जुनं पुसत होता. तो तिनं सोडला. एक ऑप्शन पुसण्याआधी विचारत होता. तो तिनं घेतला. पाऊण तास लागला. आई शेजारच्या खुर्चीत, बाबांच्या खुर्चीत नव्हे, बसून राहिली. बाबांच्या चार वाक्यांची एक प्रत गार्गीच्या लॅपटॉपवर गेली, एक फोनवर गेली. दोन्ही लावून बघितल्या. दोन्ही वेळा आई हळूच "घेते हो" म्हणाली.

मधे एकदा मॅडम ओंगना दारात बोलावून सांगितलं, की उद्यापासून हाक सकाळी आठला येईल. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मॉर्निंग?" त्या म्हणाल्या. "मोर करेक्ट. माय डॉक्टर ऑल्सो से मॉर्निंग. फोर इयर्स ऑलरेडी. बट अंकल से सेव्हन, सो..." आणि त्यांनी हात असे वर केले, की अंकलपुढं कुणाचं काय चालणार?

मग गार्गीनं वही समोर ठेवून लिहिलं. नाव, डॅश व्ही, सकाळचे आठ. एंटर.

*बोला,* मशीन म्हणालं. लॅपटॉपच्या कडेला एक बारका लाल दिवा लागला.

"तूच बोल," आई म्हणाली. "यांच्यासारखं, जरा खडसावून. नाहीतर मी ऐकायची नाही."

वाक्य तयार होतं. आई, आठ वाजले, गोळी घे. गार्गीनं मनात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. ती पुढं वाकली. समोर फळी रिकामी होती, तिच्यावर लॅपटॉपच्या आकाराचा एक धूळ नसलेला चौकोन होता, आणि त्याच्या शेजारी राइस कुकरची पुस्तिका होती. विसाव्या पानावर, कोपरा दुमडलेली.

दिवा लाल होता. सेकंद जात होते. आईनं तिला कोपरानं ढोसलं.

"बाबा," दिवा विझायच्या आत गार्गी मोठ्यानं म्हणाली, "मला येत नाही. वाचलं सगळं. तरी नाही येत मला. तुम्ही सांगा."